व्याप्तीचं कलम : कामगार महासंघांच्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र

कामगार महासंघ आणि त्यांच्या घटक संघटनांचे सन्माननीय पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

वेतनकराराच्या पहिल्या पानावर, दोन्ही पक्षांच्या नावांखाली, 'व्याप्ती' नावाचं एक कलम असतं. दोन-तीन ओळींचं. वाटाघाटींच्या शेवटच्या रात्री सगळ्यांचं लक्ष मूळ वेतन, महागाई भत्ता आणि थकबाकी यांच्या आकड्यांवर असतं. त्यामुळे हे कलम बहुधा मागच्या करारातून जसंच्या तसं उतरवलं जातं : 'हा करार कायम कामगारांना लागू राहील. अमुक तारखेनंतर नेमणूक झालेल्यांची वेतनश्रेणी स्वतंत्र राहील.' खाली आपल्या सह्या असतात. हे पत्र त्या दोन वाक्यांबद्दल आहे.

करारांचे मसुदे आणि वेतनतक्ते तपासणं हे आमचं काम. संघटना नसत्या तर या तक्त्यांत तपासण्यासारखं काही उरलंच नसतं, हे आम्ही रोज पाहतो. या पत्रातली वाक्यं संघटनांच्या विरोधकांना आयती मिळतील, याचीही आम्हाला कल्पना आहे. तरीही उघडपणे लिहितो आहोत, कारण कार्यकारिणीच्या बैठकीत हाच मुद्दा मांडला की 'पुढच्या करारात बघू' असं उत्तर येतं, आणि पुढच्या करारात तेच कलम पुन्हा उतरवलं जातं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : सही होते त्या दिवशी ज्याचं नाव सभासद नोंदवहीत नसतं, कराराची किंमत त्याच्या पगारातून वसूल होते. राज्यांच्या संघांत हेच घडलं, युद्धकाळातल्या युत्यांत हेच घडलं, आणि कामगार संघटनांतही हेच घडत आलं आहे.

सर्वांत कठोर उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. ३१ मे १९१० रोजी केप, नाताळ, ट्रान्सवाल आणि ऑरेंज नदीची वसाहत मिळून एक संघराज्य झालं. संसदेत बसण्याचा हक्क फक्त युरोपीय वंशाच्या माणसांना राहील, हे त्या संघाच्या कायद्यातच लिहिलं होतं. केपमध्ये मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींवर काळ्या लोकांना मताधिकार होता. तो तेवढ्यापुरता ठेवला, इतर प्रांतांत दिला नाही. देशाच्या पायातच हे व्याप्तीचं कलम घातलं गेलं. पुढे १९२२ मध्ये सोन्याच्या खाणमालकांनी गोऱ्या निमकुशल कामगारांच्या जागी कमी पगाराचे काळे कामगार लावायचं ठरवलं, तेव्हा गोऱ्यांच्या संघटनांपुढे दोन मार्ग होते. काळ्या कामगाराचा दर आपल्याइतका करून घेतला असता तर मालकाचा फायदाच संपला असता. त्यांनी दुसरा मार्ग धरला : त्याला त्या कामांपासून लांब ठेवा. जगातल्या कामगारांनो गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी एक व्हा, अशा अर्थाचे फलक संपात झळकले. सरकारने सैन्य आणि विमानं वापरून संप मोडला. १९२४ मध्ये औद्योगिक सलोख्याचा कायदा आला. त्याने गोऱ्यांच्या संघटनांना वाटाघाटींचा हक्क दिला, आणि पास (काळ्या लोकांवर सक्तीचा केलेला वावराचा परवाना) बाळगणाऱ्या आफ्रिकी पुरुषांना 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतूनच वगळलं. परिणाम वेतनाच्या नोंदींत दिसतो. १९११ ते १९६९ या काळात महागाई वजा करता सोन्याच्या खाणींतल्या काळ्या कामगाराचं वेतन वाढलंच नाही.

ज्यांना व्याख्येबाहेर ठेवलं होतं त्यांनी १९८२ मध्ये आपली खाण कामगार संघटना बांधली. १९८७ मध्ये सुमारे ३ लाख खाणकामगार संपावर गेले, आणि वर्णभेदी राजवट खिळखिळी करण्यात या संघटनांचा वाटा मोठा होता. देश घडवायला संघटना पुरेशी असते, हे दोन्ही वेळा सिद्ध झालं. कसला देश घडेल, हे मात्र नोंदवहीत कोण आहे त्यावर ठरलं.

आमची पहिली तक्रार म्हणूनच व्याप्तीची. आणि ही गोष्ट परदेशातलीच आहे असं म्हणायची सोय आपल्याला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी चांगली मिळायची. तिथे धोट्यातली (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली) सुताची कांडी संपली की नवी कांडी घालून, सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा दुसरा विणकरही तोंडाला लावी. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात शिरू दिलं जात नसे. ते कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडत. मालकाने असा नियम काढला नव्हता. सोबतचे कामगारच हे पाळत होते. १९२८ चा मोठा संप महिनोन्‌महिने चालला, पण मागण्यांच्या यादीत या गोष्टीचा उल्लेख नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला तेव्हाच, आणि तोही नाखुशीने, घेतला गेला. मागणीपत्रकात काय आहे याबरोबर काय नाही हेही वाचावं लागतं, ते यासाठी.

दुसरी तक्रार दुहेरी श्रेणीची, म्हणजे 'अमुक तारखेनंतरच्यां'ची. ही सवलत देताना आपण म्हणता की आजच्या एकाही सभासदाचं यात नुकसान नाही. ते खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच ती सहज मंजूर होते. मतदान करणाऱ्यांत ज्यांचं नुकसान होणार आहे तो कोणीच नसतो. पुढे काय होतं ते क्रमाने पाहा. जुने निवृत्त होत जातात, नवे खालच्या श्रेणीत भरले जातात. एकाच यंत्रावर दोन पाळ्यांत दोन दर चालू होतात. काही वर्षांत खालच्या श्रेणीतलेच बहुसंख्य होतात. ज्या संघटनेने आपल्याला जन्मतःच स्वस्त ठरवलं तिची वर्गणी का भरावी, असं ते विचारतात. सभासदसंख्या घटते आणि वाटाघाटीत आपलं वजन कमी होतं. अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या संघटनेने २००७ मध्ये अशी श्रेणी मान्य केली. जुन्यांना तासाला सुमारे २८ डॉलर आणि नव्यांना त्याच्या साधारण निम्मे. ही फट बुजवायला पुढे २०२३ चा संप करावा लागला. नव्या कामगाराला वरच्या दरापर्यंत पोहोचायला आठ वर्षं लागत, ती त्यानंतर तीनवर आली. सोळा वर्षांपूर्वीच्या एका कलमाची ही दुरुस्ती होती.

युद्धकाळाकडे आम्ही मुद्दाम वळतो, कारण तिथे सगळं घाईत होतं आणि शब्दांचे खेळ उघडे पडतात. ब्रिटनमध्ये मे १९४० मध्ये यंत्रकामगारांच्या संघटनेने मालकांशी करार केला की पुरुषांच्या कामावर घेतलेल्या स्त्रियांना ३२ आठवड्यांनंतर पूर्ण दर मिळेल. वाचायला उत्तम. त्यात अट होती : काम 'जादा देखरेख किंवा मदतीशिवाय' करता आलं पाहिजे. यंत्राची जुळणी करून देणारा पुरुष कारागीर जवळपास प्रत्येक विभागात असायचाच. तो एकदा येऊन पाना फिरवून गेला की मालक म्हणे, ही मदत झाली. त्यामुळे कित्येकींचे ३२ आठवडे कधी पुरेच झाले नाहीत. शिवाय त्या संघटनेने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते १९४३ उजाडल्यावर. म्हणजे करारावर सही झाली तेव्हा ज्यांच्याविषयी तो होता त्या दाराबाहेर होत्या. वाट सापडली ती ग्लासगोजवळच्या हिलिंग्टनमध्ये, विमान-इंजिनांच्या कारखान्यात. १९४३ च्या संपानंतर तिथे कारखान्यातल्या यंत्रांची यादी करून प्रत्येक यंत्रावरच्या कामाचा दर लिहिला गेला. यंत्रावर कोण उभं आहे याचा उल्लेखच नको. समान वेतनाची आम्हाला माहीत असलेली ही सर्वांत साधी आणि टिकाऊ रीत आहे. दर कामाला चिकटवा, माणसाला चिकटवू नका.

राष्ट्रांच्या युत्यांनीही हेच केलं. अमेरिका आणि ब्रिटनने ऑगस्ट १९४१ मध्ये काढलेल्या अटलांटिक सनदेत सर्व लोकांना आपली राज्यव्यवस्था निवडण्याचा हक्क मान्य केला होता. महिनाही उलटला नाही तोच, ९ सप्टेंबरला, चर्चिल यांनी पार्लमेंटात खुलासा केला की हे नाझी जोखडाखालच्या युरोपीय राष्ट्रांपुरतं आहे, साम्राज्यातल्या प्रजेचा प्रश्न वेगळा. फ्रान्सच्या सैन्यात आफ्रिकेतले सैनिक लढले. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्यावर १९५९ च्या कायद्याने त्यांचं निवृत्तिवेतन आहे त्या आकड्यावर गोठवलं, फ्रेंच सैनिकांचं वाढत राहिलं. ही फट बुजवायला नवं शतक उजाडावं लागलं. एका खंदकातले दोन सैनिक, पण तक्ते दोन. संकट चालू असताना लेखी घेतलं नाही तर संकट सरल्यावर कोणी देत नाही.

लेखी घेतलेल्याचंही उदाहरण आहे. रेल्वेच्या शयनयान सेवकांच्या संघटनेचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये अमेरिकी सरकारला तारीख आणि संख्या दिली : १ जुलैला वॉशिंग्टनवर १ लाख काळ्या नागरिकांचा मोर्चा. २५ जूनला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ८८०२ क्रमांकाचा आदेश काढला आणि संरक्षण उद्योगांत वंशावरून भेदभाव करायला बंदी आली. आदेशाने सगळं सुटलं नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये फिलाडेल्फियात आठ काळ्या कर्मचाऱ्यांना ट्रामचालक म्हणून घेतलं, तर गोऱ्या कर्मचाऱ्यांनी शहराची वाहतूक बंद पाडली. ऐन युद्धात ५,००० सैनिक तिथे आणावे लागले. मान्यताप्राप्त संघटना मात्र त्या आठ जणांच्या बाजूने ठाम राहिली. आठ माणसांसाठी आपल्याच बहुसंख्य सभासदांचा रोष पत्करणारे पदाधिकारी होते, हे आज आपल्याला आठवून द्यावंसं वाटतं.

आता आकड्यांकडे. आमची तिसरी तक्रार टक्केवारीची आहे. १,००० कामगार धरा. ३०० जणांना ६०,००० वेतन, ७०० जणांना २०,०००. चलन कोणतंही असू दे. आपण १० टक्के वाढ आणता. वरच्याला ६,००० मिळतात, खालच्याला २,०००, आणि दोघांतली तफावत ४०,००० वरून ४४,००० होते. असे तीन करार झाले की आकडे ७९,८६० आणि २६,६२० होतात, तफावत ५३,२४०. प्रत्येक वेळी फलकावर मात्र 'सर्वांना समान १० टक्के' असं लिहिलेलं असतं. पहिल्या करारात मालकाचा खर्च ३२ लाख. तोच खर्च १,००० जणांत सारखा वाटला तर प्रत्येकी ३,२०० येतात. खालच्याचं वेतन १६ टक्क्यांनी वाढतं, वरच्याचं ५.३ टक्क्यांनी, आणि तफावत ४०,००० वरच थांबते.

यात अडचण नाही असं आम्ही म्हणत नाही. सरसकट वाढ वर्षानुवर्षं चालली की कुशल कारागीर नाराज होतात. स्वीडनच्या महासंघाने १९५० च्या दशकापासून 'समान कामाला समान वेतन, मग कंपनी नफ्यात असो वा नसो' हे धोरण चालवलं आणि वेतनातली दरी खूप कमी केली. पण १९८३ मध्ये धातू कामगारांची संघटना केंद्रीय वाटाघाटींतून बाहेर पडून स्वतंत्र करार करून मोकळी झाली. म्हणून आमचा आग्रह मिश्र सूत्राचा आहे : वाढीचा मोठा भाग सरसकट, उरलेला टक्क्यांत, आणि कौशल्याचा भत्ता वेगळ्या ओळीत, त्याचे निकष लिहून. वर्गणीचं सूत्र मात्र उलटं हवं. ती सरसकट असली तर २०,००० वाल्याला तिप्पट जड जाते. वाढ सरसकट आणि वर्गणी टक्क्यांत, असं का होऊ नये?

कामांच्या प्रतवारीबद्दल एवढंच, की तिथे शब्दांपेक्षा गुण मोजणारी समिती महत्त्वाची असते. ब्रिटनमधल्या डॅगनमच्या मोटार कारखान्यात आसनांची कव्हरं शिवणाऱ्या १८७ स्त्रियांनी जून १९६८ मध्ये संप केला. त्यांचं काम अकुशल प्रतीत टाकलं होतं. तीन आठवड्यांनी वेतन वाढलं, १९७० चा समान वेतन कायदा याच लढ्यातून आला. पण कुशल कारागिराची प्रत मिळायला १९८४ आणि आणखी एक संप लागला. बोटांचं कौशल्य बाईमाणसाला उपजतच असतं, असं धरून समित्या त्याला गुण देत नाहीत. जड वस्तू उचलण्याला मात्र गुण असतात.

संघराज्याच्या कायद्यावर विसंबून राहा, असं कोणी सुचवलं तर त्याला युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणारा १९५७ चा रोमचा करार दाखवा. सहा राष्ट्रांच्या त्या करारात कलम ११९ होतं, स्त्री-पुरुषांना समान वेतन. त्यासाठीची १९६१ अखेरची मुदत उलटून गेली, हललं काहीच नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये बेल्जियमच्या हेर्स्ताल इथल्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या सुमारे ३,००० स्त्रिया याच कलमाचं नाव घेऊन १२ आठवडे संपावर बसल्या, तेव्हा त्यात जीव आला. हे कलम थेट न्यायालयात वापरता येतं, असा निकाल त्यानंतरही दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, एका हवाई सुंदरीच्या दाव्यात लागला. राष्ट्रांनी लिहिलेली समानता कामगार स्त्रियांनी वसूल केली.

मागण्यांआधी एक प्रसंग सांगायलाच हवा. १६ ऑगस्ट १९८०, शनिवार, पोलंडमधली ग्दान्स्कची गोदी. संप दोन दिवसांपूर्वी क्रेनचालक आन्ना वालेन्तिनोविच यांना कामावर परत घ्या म्हणून सुरू झाला होता. व्यवस्थापनाने ती मागणी मान्य केली, १,५०० झ्लोटींची वाढही दिली. संपाचे नेते लेक वालेसा यांनी संप संपल्याचं जाहीर केलं आणि कामगार घरी निघाले. गोदीचा करार झाला होता, तोही चांगला. पण तिच्या आधाराने संपावर गेलेल्या लहान कारखान्यांचं आणि ट्राम-बसवाल्यांचं काय? ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस यांनी तिथेच सुनावलं की तुम्ही गेलात तर आम्ही संपलो, रणगाड्यांपुढे बस टिकणार नाही. वालेन्तिनोविच आणि परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का फाटकांकडे धावल्या, बाहेर पडणाऱ्यांना अडवू लागल्या. बरेच जण निघून गेले होते. जे थांबले त्यांनी त्या रात्री सर्व कारखान्यांची संयुक्त समिती केली. तिच्या २१ मागण्यांत पहिली होती स्वतंत्र कामगार संघटनेची, आणि वेतनाची मागणी होती प्रत्येकाला महिना २,००० झ्लोटींची वाढ, सरसकट. ३१ ऑगस्टला सरकारने सही केली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'सॉलिडॅरिटी' या संघटनेचे सुमारे १ कोटी सभासद झाले, लष्करी कायदा सोसून ती टिकली आणि १९८९ मध्ये राजवट बदलली. त्या दुपारी फाटकं उघडी राहिली असती तर गोदीला चांगली वेतनवाढ मिळाली असती, आणि तेवढंच.

आमच्या मागण्या :

१. पुढचं मागणीपत्रक देण्याआधी सभासद नोंदवही कंत्राटी, हंगामी, शिकाऊ आणि बदली कामगारांना खुली करा. कायदा किंवा घटना आड येत असेल तर ते कलम कोणतं, हे सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा आणि दुरुस्तीचा ठराव मांडा.

२. तारखेवरून वेगळी वेतनश्रेणी मान्य करू नका. जी आधीच मान्य झाली आहे ती किती वर्षांत मिटवणार, याचा टप्पेवार तक्ता चालू करारालाच जोडा.

३. करारासोबत दर कामानुसार छापा. प्रत्येक यंत्र, प्रत्येक काम, त्याचा दर. 'जादा देखरेख', 'मदत', 'समाधानकारक' असे शब्द आले तर ते कोण ठरवणार आणि किती दिवसांत, हे त्याच ओळीत लिहा.

४. मतदानाआधी प्रत्येक सभासदाला एक पान द्या : सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेतन, करारापूर्वीचं आणि नंतरचं, तफावतीसह. हे पान तयार करायला एका माणसाला अर्धा दिवस पुरतो.

५. वाटाघाटी समितीत आणि प्रतवारी समितीत स्त्रिया आणि कंत्राटी कामगार त्यांच्या संख्येच्या प्रमाणात घ्या. निमंत्रित म्हणून नको, मताधिकारासह.

६. सही करण्याआधी व्याप्तीचं कलम द्वारसभेत मोठ्याने वाचा. ती द्वारसभा कंत्राटी पाळी सुटण्याच्या वेळेला ठेवा.

आपले,
करारांचे मसुदे आणि वेतनतक्ते तपासणारे काही जण